वेगळा ठेवलेला कप

वाचकहो, प्रारंभीच एक प्रश्न विचारते. राग मानू नये. आपल्या स्वयंपाकघरात एखादा कप इतर कपांपासून वेगळा ठेवलेला आहे का? टवका उडालेला, कान तुटलेला, खिडकीत किंवा मोरीजवळच्या फळीवर पालथा घातलेला? घरकामाला येणाऱ्या बाईंसाठी, किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करायला येणाऱ्या मुलीसाठी? असेल, तर हे मनोगत आपल्यासाठी आहे. माझ्या घरी असा कप होता. वयाच्या ६३ व्या वर्षापर्यंत मला तो दिसला नव्हता; आणि मी तर स्वतः वर्णद्वेषाचे चटके सोसलेली बाई!

मी मूळची साताऱ्याची. विवाहापूर्वी पाच वर्षे तेथे भूगोल शिकवीत होते. १९८२ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीत राहावयास गेलो. भारतीयांना त्या देशाची दारे उघडली ती १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने. त्याआधी एकच वर्ष, १९६४ साली, तेथे नागरी हक्कांचा कायदा संमत झाला होता. कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाऊन आणि तुरुंग भोगून जी हवा बदलली, त्या हवेत आमच्यासारख्यांचे दार उघडले. हे आम्हांला कोणी सांगितले नाही. आम्हीही कोणाला विचारले नाही.

पुसलेले कुंकू

१९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीतील एका दैनिकात एक पत्र छापून आले. लिहिणाऱ्यांनी स्वतःला 'डॉटबस्टर्स' असे नाव घेतले होते. 'डॉट' म्हणजे आम्हां बायकांच्या कपाळावरचा ठिपका. भारतीयांना या शहरातून हुसकावून लावू, अशी उघड धमकी त्या पत्रात होती. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकन गावी नवरोझ मोदी नावाच्या तीस वर्षांच्या तरुणाला टोळक्याने बेदम मारहाण केली आणि काही दिवसांतच तो गेला. तो पारशी होता. कपाळावरच्या ठिपक्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण मारणाऱ्यांना तेवढी चौकशी करण्याची गरज वाटली नाही.

त्यानंतर एका सकाळी, स्टेशनच्या पायऱ्यांवर, एका हाताने माझ्या लहान मुलाचा हात धरून दुसऱ्या हातातल्या रुमालाने मी कपाळावरचे कुंकू पुसले. यजमान हयात असताना सवाष्णीने स्वहस्ते कुंकू पुसणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. घरी परतल्यावर मी ते पुन्हा लावीत असे आणि दाराबाहेर पडताना पुन्हा पुशीत असे. त्या हिवाळ्यात माझी झोप उडाली. रक्तदाब वाढल्याचे प्रथम आढळले तेही त्याच हिवाळ्यात.

या अनुभवातून मी काय शिकले? खरे सांगायचे तर, चुकीचे शिकले. दोन वर्षांनी आम्ही शहर सोडून 'चांगल्या वस्तीत' घर घेतले. हा शब्द दलालाचा. त्याचा अर्थ गोऱ्यांची वस्ती, जेथे कृष्णवर्णीय शेजारी नाहीत अशी वस्ती, असा होता. तो आम्हांला कळला होता. आणि आज लाज वाटते, पण आवडलाही होता. ज्या काठीचा मार आम्ही खाल्ला, तिचेच दुसरे टोक आम्ही हाती घेतले होते.

पानगळ

२०१७ च्या ऑक्टोबरात अंगणातील मेपल तांबडालाल झालेला असताना यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्याने उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे बरेचसे कळत होते. शब्द मात्र ओठांपर्यंत येत नव्हते. नोव्हेंबरात यांना घरी आणले आणि दिवसाच्या शुश्रूषेसाठी एक मदतनीस बाई येऊ लागल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, शांत, कृष्णवर्णीय. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांच्या खासगीपणाचा तेवढा मान राखते.

पुण्याहून एका नातलगांचा फोन आला. "दागिने सांभाळ हो," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगण्यापूर्वीच माझ्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये गेल्या होत्या. संध्याकाळी बाई घरी गेल्या की मी चांदीचे चमचे मोजीत असे. इंग्रजीत अहो-जाहो नसल्यामुळे त्यांच्यासमोर माझी लबाडी झाकली जाई. फोनवर मराठीत बोलताना मात्र मी त्यांचा उल्लेख 'ती' असा करीत असे. माझ्याहून दहाच वर्षांनी लहान असलेल्या, माझ्या यजमानांना लेकरासारखे जपणाऱ्या बाईंना मी 'त्या' म्हणत नव्हते.

त्यांच्या हातात मात्र विद्या होती. दर दोन तासांनी यांची कूस बदलणे, घास भरवताना ताठ बसवणे, आधीचा घास गिळला गेला याची खात्री करूनच पुढचा घास देणे, हे सारे त्यांनी मला शिकवले. एके दिवशी मी शय्याव्रणांविषयीचे माहितीपत्रक वाचून यांच्या पाठीवर लाली कोठे दिसते का, ते शोधीत होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या यजमानांची कातडी सावळी आहे. आपल्यासारख्यांच्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. डोळ्यांनी पाहू नका, हाताने पाहा." मग त्यांनी बोटांच्या पाठीने माकडहाड, टाचा, कुल्हे चाचपून दाखवले. एखादा भाग शेजारच्या कातडीपेक्षा उबदार किंवा थंड, कडक किंवा लिबलिबीत लागतो का, रंग आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट दिसतो का, तेथे हात लावल्यावर रुग्ण कण्हतो का, ही खरी तपासणी. उजव्या टाचेवरची जखम त्या हातांनी होण्यापूर्वीच ओळखली.

'आपल्यासारख्यांच्या' हा शब्द मी ऐकला आणि मनातल्या मनात बाजूला सारला.

बर्फ

यांच्या उघड्या पाठीवर त्यांचा हात मला चालत होता. आमच्या कपाला मात्र तो चालत नव्हता. पहिल्याच दिवशी मी त्यांना आल्याचा चहा दिला तो टवका उडालेल्या एका जुन्या कपात, आणि नंतर तो कप खिडकीत ठेवला. कोणतीही योजना नव्हती. हात आपोआप तिकडे वळला. त्या रोज कप स्वच्छ विसळून इतर कपांसोबत मांडणीवर ठेवीत. त्या गेल्या की मी तो उचलून पुन्हा खिडकीत ठेवी. सुमारे तीन महिने आम्हां दोघींमध्ये हा मूक संवाद चालला होता, आणि मला त्याची जाणीवही नव्हती.

फेब्रुवारीत एके दिवशी फार बर्फ पडले. बस बंद होत्या, तरी बाई चालत आल्या. मी घाईघाईने चहा टाकला. खिडकीतला कप घ्यायला हात पुढे केला, तोच त्यांनी विचारले, "हा कप रोज रात्री खिडकीत कसा जातो?"

मी म्हणाले, "तुम्हांला सोपे जावे म्हणून." हे खोटे होते आणि ते दोघींनाही कळले.

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई जॉर्जियात गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. त्या घरातले सगळे तिच्या हातचे जेवायचे. तिच्यासाठी मात्र मागच्या ओसरीवर पाण्याची वेगळी बरणी असायची. मी उद्याही येईन, कारण तुमच्या यजमानांना माझी गरज आहे. पण चहा यापुढे माझा मी आणीन."

दुसऱ्या दिवसापासून त्या थर्मास घेऊन येऊ लागल्या. कामात तसूभरही फरक नाही, बोलण्यात कडवटपणा नाही. फक्त चहाच्या वेळी त्या आपला थर्मास उघडीत. तो थर्मास उघडल्याचा बारीक आवाज मला दिवसभर पुरत असे.

मला माझा राग आला असेल, असे आपल्याला वाटेल. नाही. प्रथम त्यांचाच राग आला. 'एवढ्याशा कपावरून!' असे मी मुलाला फोनवर म्हणाले. मग अपराध झाकण्यासाठी मी दुकानातून एक महागडा, फुलाफुलांचा नवा कप आणला आणि त्यांना भेट दिला. त्यांनी आभार मानले आणि तो आपल्या पिशवीत ठेवला. महाग असला तरी तोही वेगळाच कप होता, हे मला त्यांची पिशवी बंद झाल्यावर उमगले.

कोनाडा

त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यांसमोर साताऱ्याचे घर उभे राहिले. आमच्या पडवीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक बिनबशीचा कप असे. सरपण घेऊन येणाऱ्या काकांना आजी त्यात वरून चहा ओती. ते तो पीत, स्वतःच विसळीत आणि कोनाड्यात ठेवीत. आजी दुष्ट नव्हती. गावातल्या कितीतरी बाळंतिणींना तिने प्रेमाने न्हाऊ घातले होते. तरीही तो कप कोनाड्यात होता. आणि मी पाचव्या वर्षापासून तो पाहत होते. माझा हात न्यू जर्सीतल्या खिडकीकडे वळला, तो तेथे शिकलेला हात होता.

आणखी एक गोष्ट मला झोंबली. साताऱ्याच्या ज्या शाळेत १९०० च्या नोव्हेंबरात लहानग्या भीमरावांचे नाव दाखल झाले, तिच्यावरून मी कितीदा गेले होते! वर्गात बसण्यासाठी त्यांचे गोणपाट वेगळे होते. शिपायाने नळ सोडला नाही तर पाणी नव्हते. पुढे १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; आमच्या जर्सी सिटीहून हडसन नदीच्या पलीकडे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधील आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हेही मला ठाऊक होते; परीक्षेच्या उत्तरापुरते. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून फुल्यांना जी नाळ दिसली, ती अमेरिकेत पस्तीस वर्षे राहूनही मला दिसली नव्हती. कोनाडा, ओसरीवरची बरणी आणि माझी खिडकी या तीन जागा नव्हत्याच. ती एकच जागा होती.

बहर

मार्चअखेरीस एका दुपारी यांना झोप लागल्यावर मी बाईंसमोर बसले आणि सारे सांगितले. आजीचा कोनाडा, चमचे मोजणे, स्टेशनवर पुसलेले कुंकू. शेवटी म्हणाले, "ज्या गोष्टीने मी रडले, तीच मी तुमच्याशी केली. मला त्याची लाज वाटते."

त्यांनी मला मिठी मारली नाही, डोळे पुसले नाहीत. म्हणाल्या, "मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. तुम्हांला कधी कळते, ते पाहत होते." थोड्या वेळाने उठून यांचे अंथरूण नीट केले आणि त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही थर्मास आला. तिसऱ्या दिवशीही. माफी मागणे माझ्या हाती होते. ती केव्हा पोचावी हे त्यांच्या हाती होते. वाचकहो, या वयात मला मिळालेला हा सर्वांत कठीण धडा.

एप्रिलमध्ये नेवार्कच्या ब्रँच ब्रुक उद्यानात चेरीची झाडे फुलली. आम्ही दोघी यांना चाकांच्या खुर्चीतून तेथे घेऊन गेलो. परत आल्यावर मी चहा टाकला. बाई उठल्या आणि मांडणीवरून हाताला येईल तो कप त्यांनी घेतला. त्याविषयी दोघीही काही बोललो नाही. खिडकी मी आधीच मोकळी करून तेथे तुळशीची कुंडी ठेवली होती.

त्या उन्हाळ्यात एका उपचारकेंद्रात स्वागतिकेने मला व यांना आत सोडले आणि बाईंना ओळखपत्र मागून बाहेर थांबायला सांगितले. आमच्या पुढून गेलेल्या कोणाकडेही तिने ओळखपत्र मागितले नव्हते. १९८७ ची मी असते, तर मान खाली घालून आत गेले असते. मी तेथेच थांबले आणि म्हणाले, "या माझ्या यजमानांची शुश्रूषा करतात. जो नियम त्यांना, तोच मलाही लावा; माझेही ओळखपत्र पाहा." बाईंना आत घेतले गेले. परतताना त्या म्हणाल्या, "तुमचे हात थरथरत होते." मी म्हणाले, "अजूनही थरथरताहेत." तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

पुन्हा पानगळ आली, तोवर यांना सहा-सात शब्द परत आले होते. त्यांपैकी एक 'चहा' आणि एक 'ताई'. यांची ताई म्हणजे बाई.

खडक आणि माणूस

भूगोलात आपण विदारण शिकतो. ऊन, पाऊस, थंडी यांच्या सततच्या माऱ्याने खडकही झिजतो, त्याला भेगा पडतात. विदारणाला इंग्रजीत 'वेदरिंग' म्हणतात. मिशिगन विद्यापीठातील संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये हाच शब्द माणसांना लावला. सतत उपेक्षा आणि हालअपेष्टा सोसणाऱ्यांची शरीरे वयाआधीच झिजतात, अशी त्यांची मांडणी. अपमान विसरता येतो. पण शरीर त्याचा हिशेब ठेवते. सदैव सावध राहावे लागले की तणावाची संप्रेरके वारंवार स्रवतात, रक्तदाब चढतो, झोप मोडते. माझ्या १९८७ च्या हिवाळ्याचा अर्थ मला असा तीस वर्षांनी लागला. आणि माझ्या खिडकीतला तो कप रोज दुसऱ्या एका शरीरावर तोच मारा करीत होता, हेही कळले.

आपल्या घरी

२०२१ मध्ये हे गेले. पुढच्या वर्षी मी साताऱ्यास परत आले. बाईंशी आजही दर रविवारी फोनवर बोलणे होते. शुश्रूषा करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या वाचकांना अनुभवातून काही सांगावेसे वाटते.

आपल्या घरी येणाऱ्या काळजीवाहकाला, मग ती शेजारच्या गावची असो, केरळची परिचारिका असो की ईशान्य भारतातील तरुणी, तिच्या खऱ्या नावाने आणि सन्मानाने हाक मारावी. ताट, कप, बसण्याची जागा, स्वच्छतागृह वेगळे नसावे. संसर्गाच्या भीतीने काही वेगळे ठेवणे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर ते रुग्णाचे वेगळे ठेवावे.

स्मृतिभ्रंशाने किंवा पक्षाघाताने मेंदूला इजा झालेले ज्येष्ठ कधी रंगावरून, जातीवरून, चेहऱ्यावरून बोचरे बोलतात. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो, विषय बदलावा. परंतु त्या काळजीवाहकाची क्षमा कुटुंबीयांनी तेथल्या तेथे मागावी. 'आजारी आहेत, मनावर घेऊ नकोस' एवढ्यावर तिची बोळवण करू नये.

अपमान आपल्या वाट्याला आला, तर गिळू नये. कोठे, केव्हा, काय घडले ते लिहून ठेवावे, विश्वासाच्या माणसाला सांगावे आणि एकट्याने जाण्याऐवजी कोणाला तरी सोबत घ्यावे. झोप व रक्तदाब यांकडे लक्ष द्यावे.

सावळ्या कातडीच्या रुग्णाची पाठ आणि टाचा दररोज हाताने तपासाव्यात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही डोळे मिटून विसंबू नये. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रक्तातील प्राणवायू घटलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

सध्या मी माझ्या थोरल्या बहिणीकडे असते. तिचे वय ८२. तिची देखभाल करायला एक मुलगी येते आणि तिचा कप मोरीजवळच्या फळीवर असतो. मी तो मांडणीवर ठेवते. अक्का तो पुन्हा फळीवर नेऊन ठेवते. मी माझी सारी कहाणी तिला सांगितली. ती म्हणाली, "अगं, या वयात आता काय बदलायचं?" मी म्हणाले, "अक्का, मी त्रेसष्टाव्या वर्षी बदलले. तू अजून रोज नवे औषध घेतेसच ना?" ती काही बोलली नाही.

काल संध्याकाळी मी पाहिले, तेव्हा कप मांडणीवरच होता. आज कोठे असेल ते ठाऊक नाही. उद्या मी पुन्हा पाहीन. आपणही, वाचकहो, हे पान मिटल्यावर एकवार स्वयंपाकघरात जाऊन पाहावे.